पत्ता : ३२७६८

अलिबागजवळच्या चौलला काय नाही? नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रामेश्वर आहे, शितळादेवी आहे, डोंगरावर दत्त आहे, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या आहेत. एके काळी ३६० देवळे आणि ३६० तळी होती असे सांगतात. मोजायला कुणी बसले नाही हे बरेच झाले. नाही ती फक्त एक पाठशाळा, जिथे जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर बेसिकमधून मशीन कोड लोड करण्याचे शास्त्र रीतसर शिकवले जाईल. पाणी, कचरा आणि रस्त्यावरचे खड्डे यांच्या गडबडीत गावाची ही मूलभूत गरज मागे पडली. ती पुढे आणावी एवढाच या लेखाचा हेतू.

नव्वदनंतर जन्मलेल्यांसाठी थोडी पूर्वपीठिका. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. रबराच्या कळा, ४८ के मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि कपाट म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. त्याची पुढची आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, ऐंशीच्या दशकातच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक करून दाखवला. म्हणजे एकाच दशकात देशाने दोन वाटा धरल्या. दुसऱ्या वाटेचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलीचा ज्या कॅसेटवर होता तिच्यावर पुढे कुणीतरी भावगीते भरली.

त्याआधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्लास’ योजनेखाली सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. त्या यंत्रात बेसिकच्या पोटातच असेंबलर होता. चौकोनी कंस उघडायचा, आत प्रोसेसरच्या बोलीत लिहायचे, कंस मिटायचा आणि ‘कॉल’ म्हणून हाक मारायची. इतकी सोय असल्यामुळे ते यंत्र आमच्या अभ्यासक्रमात बसत नाही. सोय आली की शास्त्र पातळ होते.

मुळात मशीन कोड हवा कशाला? बेसिक ही सभ्य भाषा आहे. एकेक ओळ वाचते, अर्थ लावते, चुकले तर कुठल्या ओळीत चुकले ते सांगते, आणि या सगळ्या सभ्यपणात तिचा वेळ जातो. मशीन कोड म्हणजे झेड-८० प्रोसेसरच्या कानात थेट सांगितलेले आकडे. २०१ म्हणजे परत फिर. १९५ म्हणजे पुढे दिलेल्या पत्त्यावर उडी मार. शून्यापासून ६५५३५ पर्यंत घरे, प्रत्येक घरात ० ते २५५ मधला एक आकडा, आणि कुठल्याही दारावर पाटी नाही. कोणत्या घरात हुकूम राहतो आणि कोणत्या घरात चित्र, हे फक्त तुम्हाला माहीत. चुकून चित्राच्या घरात पाठवले तर प्रोसेसर चित्रालाच हुकूम समजतो आणि पाळायला लागतो. ‘साहेब, हे तर राक्षसाचे डोके दिसते’ असे तो चुकूनही म्हणत नाही. इतका आज्ञाधारक नोकर हल्ली कोणत्याही पगारात मिळणार नाही.

आता विधी. सुरुवात ‘क्लिअर ३२७६७’ने. याने बेसिकला बजावले जाते की बाई, तुझा संसार या उंबरठ्याच्या आत. पलीकडच्या वस्तूंना ‘न्यू’ म्हटले तरी हात लावायचा नाही. उंबरठा इथेच का, हे शास्त्रशुद्ध आहे. मेमरीच्या खालच्या १६ के भागात पडदा रंगवणारी चिप सतत मध्ये हात घालते आणि प्रोसेसरला ताटकळत ठेवते. ३२७६८ पासून वर तिचा त्रास नाही. म्हणून जाणकार मंडळी घर वरच्या आळीत घेत.

मग ‘लोड’, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीच नाही, आणि पुढे ‘कोड’. अवतरणात काही नसणे म्हणजे टेपवर पहिले येईल ते घे. हे टाइप करायचे नसते. ‘जे’ दाबला की आख्खा ‘लोड’ उमटतो. अवतरणचिन्हाला सिम्बॉल शिफ्ट धरून ‘पी’. ‘कोड’साठी दोन्ही शिफ्ट एकदम दाबून निराळ्या मोडमध्ये शिरायचे आणि तिथे ‘आय’. चार अक्षरे सरळ टाइप करू देणारे कीबोर्ड जगात होते, पण त्यांनी बोटांना कसलीही शिस्त लावली नाही.

टेप सुरू झाली की पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे, जोडीला एकसुरी शीळ. ही नांदी. मग निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची क्षणभर चरचर, तेवढ्यात १७ बाइटचे शीर्षक येऊन जाते, ज्यात फाइलचे नाव (दहा अक्षरांपुरतेच, त्यापुढची हौस वर्ज्य), लांबी आणि मुक्कामाचा पत्ता. पुन्हा नांदी, आणि मग मुख्य मजकूर. एका बिटाला दोन ठोके, आणि ‘एक’चे ठोके ‘शून्य’च्या दुप्पट लांब. सगळे ४८ के भरायला सुमारे पाच मिनिटे लागतात. सुरुवातीचे चित्र ६९१२ बाइटचे, त्याला साधारण ४० सेकंद. तेही वरून खाली सरळ उतरत नाही. पडद्याचे तीन भाग पाडून प्रत्येक भागात आठ-आठ ओळी सोडून उगवते, आणि रंग सगळ्यात शेवटी येतात. त्या ४० सेकंदांत घरातली चार माणसे चार वेगवेगळे तर्क करतात. जे चित्र बघण्याआधी माणसाला विचार करावा लागतो, ते चित्र कलेच्या दृष्टीने नक्कीच वरच्या दर्जाचे.

त्या चित्रावर मध्येच यंत्र स्वतःच्या अक्षरात ‘बाइट्स’ आणि फाइलचे नाव छापून घाण करी. त्यावर उतारा म्हणजे ‘पोक २३७३९, १११’. हा मंत्र स्पेक्ट्रमच्या दुनियेत तोंडपाठ असे. अर्थ विचारणाऱ्याला सांगत, अर्थ विचारायचा नसतो. (अर्थ आहे, आणि साधा आहे. अक्षरे छापणाऱ्या रुटीनचा पत्ता जिथे लिहिलेला असतो तिथे दुसराच आकडा ठेवायचा, की छपाईला निघालेला प्रोसेसर रिकाम्या हाताने परत येतो. पण एवढे समजावल्यावर मंत्राचा गुण जातो.)

आता परीक्षेचा भाग. मजकुराच्या अगदी शेवटी एक बाइट येतो. आलेल्या सगळ्या बाइटांचा मेळ त्याच्याशी घालतात. मेळ बसला तर ठीक. नाही तर पडद्याच्या तळाशी ‘आर टेप लोडिंग एरर’. हजारोंपैकी एका बिटाने दगा दिला असेल, पण कोणत्या, ते कळत नाही. या पद्धतीतली माणुसकी बघा. पाच मिनिटे यंत्र तुमचे सगळे शांतपणे ऐकून घेते, मध्येच टोकून उमेद खचवत नाही, आणि एकदाच, शेवटी, कारण न देता नाही म्हणते. मुलाखती घेणाऱ्या किती मंडळींना हे जमते?

मग उपाय. आवाजाची चकती थोडी पुढे, थोडी मागे. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे. तरीही नाही, तर बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडशेजारचा स्क्रू हळूहळू फिरवत शीळ कुठे टोकदार होते ते ऐकणे. यात कान इतका तयार होतो की माणसाला चांगली टेप आणि वाईट टेप दोन सेकंदांत ओळखता येते. मात्र स्क्रू या कॅसेटसाठी फिरवला की आजवर चालत आलेल्या बाकीच्या कॅसेटी चालेनाशा होतात. असा समतोल राखणारा उपाय आयुर्वेदातही क्वचित सापडेल.

मेळ बसला असे धरू. कोड आपल्या घरी पोचला. आता त्याला उठवायचे कसे? इथे शास्त्राचा गाभा आहे. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये ‘हा कोड चालव’ अशी आज्ञाच नाही. आहे ते ‘यूएसआर’ नावाचे फंक्शन. त्याला पत्ता द्यायचा; ते तिथे जाऊन जे असेल ते उरकून येते, आणि परतताना प्रोसेसरच्या बीसी रजिस्टरमधला आकडा हातावर ठेवते. पण फंक्शन एकटे उभे राहू शकत नाही. हातावर आलेल्या आकड्याचे काहीतरी करणारी आज्ञा त्याच्यापुढे हवी. ‘प्रिंट’ लावावा, तर तो नको असलेला आकडा पडद्यावर. ‘लेट’ लावावा, तर एक व्हेरिएबल उगाच पोसा. तेव्हा जाणत्यांनी ‘रँडमाइझ’ निवडले. रँडमाइझचे काम काय, तर यदृच्छेने येणाऱ्या आकड्यांचे बी पेरणे. कुठलाही आकडा द्या, ते मुकाट्याने घेते आणि कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही.

म्हणून ‘रँडमाइझ यूएसआर ३२७६८’. ज्या कामात एका आकड्याचीही यदृच्छा खपत नाही, ते सुरू करताना आपण यंत्राला यदृच्छेचे बी पेरायला सांगतो, आणि बी आणायला म्हणून ३२७६८ वर पाठवतो. तिकडे गेलेला प्रोसेसर खेळातच रमतो. बहुतेक वेळा परत येतच नाही. बी पेरायचे राहून जाते. हवे होते एक, मागितले दुसरे, मिळाले तिसऱ्याच खिडकीवर, आणि सगळे समाधानी. रेशन कार्डावर नाव चढवून घेतलेल्या कुणालाही ही रचना परकी वाटू नये.

आणि चौलकराला तर मुळीच नाही. रामेश्वराच्या देवळात तीन कुंडे आहेत: पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. ती एरवी झाकलेली असतात. पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा आहे. कोणत्या झाकणाखाली काय आहे हे माहीत असणे, योग्य वेळी योग्य तेच उघडणे, आणि उघडल्यावर आभाळाकडे बघत थांबणे हा संस्कार या गावाला कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी झाला. ३२७६८ आणि ३२७८६ यांत दोन आकड्यांची अदलाबदल आहे, बाकी काही नाही. पण पर्जन्याऐवजी अग्नी उघडला तर काय, हे चौलच्या पोराला पाटीवर लिहून दाखवावे लागणार नाही.

चुकीचा पत्ता दिल्यावर काय होते? कधी पडदा गोठतो. कधी रंगांची रांगोळी होते. कधी काही न होता पुन्हा पहिला पांढरा पडदा आणि त्याच्या तळाशी सिंक्लेअर कंपनीची १९८२ सालची सूचना की सगळे हक्क तिचे आहेत. दुपारभर टाइप केलेले गेले. परत आणण्याची कसलीही सोय नाही. आणि यंत्राने आधी एकदाही ‘नक्की ना?’ असे विचारले नाही. आजचा फोन एक फोटो पुसायचा तर दोनदा परवानगी मागतो, वर तीस दिवस तो फोटो लपवून ठेवतो, जसे काही आपल्याला आपले मन कळतच नाही. स्पेक्ट्रमने माणसाला प्रौढ मानले. प्रौढ माणूस विचार करूनच सर्वनाश करत असणार, असा त्याचा विश्वास होता.

दुपारभर टाइप करण्याचा विषय निघालाच आहे. कॅसेट नसेल तर मशीन कोड मासिकात छापून येई, नुसत्या आकड्यांचे रकाने: ६२, २, २११, २५४, २०१ असे. ते ‘डेटा’च्या ओळींत उतरवायचे आणि ‘रीड’ व ‘पोक’ने एकेक घरात नेऊन ठेवायचे. स्पेक्ट्रमचे बेसिक प्रत्येक आकड्याच्या मागे त्याचीच आणखी एक, न दिसणारी, सहा बाइटांची प्रत ठेवते. त्यामुळे २०१ हा एका बाइटचा कोड लिहायला स्वल्पविराम धरून दहा बाइट खर्ची पडतात. एका कामासाठी दहाजण, ही रोजगार हमी आपल्याकडेही आहे. पण मेमरी अवघी ४८ के असताना ही दानत दाखवणे निराळे.

याहून थोर परंपरा आधीच्या झेडएक्स८१ची. त्यात मेमरी अवघी १ के. तिथे कोड ठेवत ‘रेम’च्या ओळीत. रेम म्हणजे शेरा. यंत्राने वाचू नये, ओलांडून पुढे जावे म्हणून लिहिलेली ओळ. पहिल्याच ओळीत रेम, त्यापुढे कोड, आणि तो १६५१४ या पत्त्यावर सुरू होतो हे पाठ. यादी काढली तर पहिल्या ओळीत नुसता गबाळग्रंथ दिसे. सगळ्यात महत्त्वाचा मजकूर दुर्लक्ष करण्याच्या जागी लिहावा, हे शहाणपण पुढे विमा कंपन्यांनी उचलले.

परदेशी संप्रदायांचाही आदराने उल्लेख करायला हवा. कमोडोर ६४ वर ‘लोड’च्या शेवटी ‘,८,१’ लावले की फाइल आपल्या मूळ पत्त्यावर जाते. तो ‘१’ विसरला की बेसिकच्या अंगणात येऊन पडते. पण खरी मौज पुढे. चालू प्रोग्रॅममधून ‘लोड’ केले तर लोड झाल्यावर प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जात नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतो, व्हेरिएबल्स मात्र जुन्याच ठेवून. म्हणजे पुनर्जन्म, पूर्वस्मृतीसह. म्हणून पहिल्याच ओळीत विचारावे लागे, ‘ए’ शून्य आहे का? असेल तर हा पहिला जन्म: ‘ए’ एक कर आणि लोड कर. नसेल तर कोड आलेला आहे, मुक्त हो. ही ओळ विसरलेले प्रोग्रॅम तीच फाइल पुन्हा पुन्हा लोड करत बसत. उपनिषदे शिकवणाऱ्यांनी उदाहरणादाखल हे यंत्र वर्गात ठेवायला हरकत नाही. तिकडे बेलग्रेड रेडिओने १९८३ पासून ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमात प्रोग्रॅमची शीळच प्रसारित केली. ऐकणाऱ्यांनी घरोघरी टेप केली. आपल्या आकाशवाणीने त्या काळात शेतकऱ्यांना हवामान सांगितले. असो.

आज हे सगळे फुकटच्या एम्युलेटरमध्ये आहे. हजारो पट वेगवान प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचे सोंग घेतो आणि कॅसेटची फाइल डोळे मिटायच्या आत लोड करतो. खरा उपासक सर्वांत आधी सेटिंगमध्ये जाऊन हा वेग बंद करतो. पाच मिनिटांची पाच मिनिटेच झाली पाहिजेत. पट्टे आणि शीळ चालू. काहीजण फाइलचा पुन्हा आवाज करतात, तो फोनमधून तारेने खऱ्या स्पेक्ट्रमच्या कानात सोडतात, आणि मध्येच कुणाचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच. चूक घडायला पूर्वी टेपरेकॉर्डर लागे, आता नातेवाईकही पुरतात.

चौलच का, असे अलिबागचे लोक विचारतील. त्यांचा एक मुद्दा मान्य आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, आणि १९०४ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकाची नोंद होते आहे. चुंबकीय फितीवर पोसलेल्या शास्त्राने वेधशाळेच्या सावलीत राहावे हे योग्यच. पण अलिबागला चुंबक जपतात. आम्हाला तो बिघडलेला हवा. त्यासाठी चौलची खारी हवा, वाडीतला ओलावा आणि पावसाळ्यात कॅसेटवर धरणारी पांढरी बुरशी यांना तोड नाही. विजेबद्दल काय बोलावे? चौथ्या मिनिटाला जाणारी लाइट ही इथे वेगळी मागवावी लागत नाही.

शिवाय या गावाची वृत्ती. टॉलेमीच्या भूगोलात हे सिमुल्ला आहे. अरबांच्या प्रवासवर्णनात सैमूर, आणि अल्-मसूदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला. मग निजामशाही, मग पोर्तुगीज, १७४० मध्ये मराठे. जहाजे आली, माल उतरला, रेशीम विणले गेले, कोट उभे राहिले आणि पडले. मग मुंबई वाढली, बंदर गाळाने भरले, आणि मेमरीतले सगळे गेले. पत्ता तेवढा राहिला. ज्या गावाने एवढे सगळे लोड होताना आणि पुसले जाताना पाहिले आणि तरी सुपाऱ्या वाळत घालणे सोडले नाही, तिथल्या विद्यार्थ्याला ‘आर टेप लोडिंग एरर’ने नैराश्य येण्याचा संभव नाही.

पोटापाण्याला याचा उपयोग काय, हा प्रश्न अपेक्षित आहे. घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्यांनी विचार करावा. शांततेसाठी पाहुणा दोन-अडीच तास गाडी हाकून येतो, आणि आल्यावर शांततेचे काय करायचे ते त्याला कळत नाही. त्याला माजघरात बसवावे, शीळ लावावी आणि पाच मिनिटे हलू देऊ नये. सोलकढीबरोबर हे फुकट द्यावे. पैसे घेतले तर तो दर विचारील.

पाठशाळेचे तपशील ठरले आहेत. वर्ग नागपंचमीपासून, म्हणजे हवेत पुरेसा ओलावा असताना. पहिले वर्ष प्ले बटण आणि आवाजाची चकती. दुसरे वर्ष ‘क्लिअर’. या वर्षी काहीही लोड करायचे नाही, फक्त जागा राखायची. तिसऱ्या वर्षी ‘रँडमाइझ यूएसआर’, शुचिर्भूत होऊन. परीक्षेत यंत्र गोठवणाऱ्यास प्रथम श्रेणी. गोठलेले यंत्र बंद न करता रात्रभर तसेच बघत बसणाऱ्यास विशेष प्रावीण्य. फी शून्य ते २५५ च्या दरम्यान. २५६ देऊ केल्यास ती शून्य धरली जाईल. प्रवेशअर्ज कॅसेटवरच स्वीकारले जातील, नाव दहा अक्षरांत. ज्यांचे अर्ज शेवटच्या बाइटपर्यंत बिनचूक लोड होतील त्यांना या शिक्षणाची गरज नाही असे समजून ते परत पाठवले जातील.